अर्धी मात्रा मागे

दांडिया बाजारातील आमचे घर आम्ही २०२५ च्या वैशाखात सोडले. लोक त्यास वाडा म्हणत. म्हणावयाचेच तर म्हणावे. एक लहानसा चौक, दोन सोपे, माडीवर तंबोऱ्यांची खोली आणि भिंतींतून मुरलेली भरपूर ओल, एवढाच तो वाडा. भावंडांच्या वाटण्या झाल्या, आणि आम्ही भायलीकडे एका नव्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर राहावयास गेलो. सामान दोन दिवसांत हलले. तंबोरे मात्र मी टेंपोत चढू दिले नाहीत. रिक्षात बसून एकेक मांडीवर घेऊन नेला. त्यासाठी चार खेपा पडल्या. वडिलांची पेटी आली, चिजांच्या वह्या आल्या, तसबिरी आल्या. एकच वस्तू मागे राहिली, ती म्हणजे टेलिफोन.

टेलिफोन म्हणजे आता नुसता टेलिफोन नव्हे, हे वाचकांस सांगावयास नको. त्याच तारेवरून ब्रॉडबँड येते, आणि ह्या ब्रॉडबँडवर माझ्या घराची निम्मी चूल पेटते. गाण्याच्या शिकवण्या करणारा मी माणूस. २०२० च्या टाळेबंदीत शिकवण्या बंद पडल्या तेव्हा वाड्यातील तांब्याची तार जाऊन काचेची, म्हणजे फायबरची, आली आणि तिच्यावरून परदेशातील आपल्या लोकांच्या मुलामुलींना मी शिकवू लागलो. वाडा सोडला तेव्हा असे अकरा विद्यार्थी होते, बहुतेक न्यू जर्सीकडचे. तिकडची संध्याकाळ ती आमची पहाट. म्हणून पहाटे साडेपाचला माझा पहिला षड्ज लागत असे.

वडिलांनी टेलिफोनसाठी अर्ज केला १९८१ साली. यंत्र घरात आले १९८७ साली. त्याच वर्षी माझी मुंज झाली, आणि आलेल्या पाहुण्यांनी बटूपेक्षा फोनच अधिक निरखून पाहिला असे आई अजून सांगते. मी वडिलांच्या उतारवयातले शेंडेफळ. त्यांनी संस्थानचे शेवटले दिवस पाहिले होते. पोरवयातच कलावंत कारखान्यात त्यांचे नाव लागले, आणि १९४९ साली संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. कारखाना हा शब्द आजच्या मुलांस चमत्कारिक वाटेल, पण गवय्ये, बीनकार, पखवाजी ह्यांचे ते सरकारी खातेच होते. त्यास हजेरी होती, रजेचे अर्ज होते, दंडाचे लेखी नियम होते. गवय्यास दंड! आज आपण हसू. परंतु वडील म्हणत, की अर्ज दिला म्हणजे त्यावर शेरा पडे, शेऱ्याखाली सही असे, आणि सही करणारा माणूस कोठे बसतो हे शिपायासही ठाऊक असे. नकार आला तरी तो कोणाचा तरी नकार असे.

हे आठवण्याचे कारण पुढे येईल.

वाडा सोडण्यापूर्वी पंधरा दिवस मी जोडणी नव्या पत्त्यावर हलविण्याचा अर्ज केला. ‘सात दिवसांत होईल,’ असे उत्तर मिळाले. आठव्या दिवशी मोबाइलवर निरोप आला, की आपल्या पत्त्यावर सेवा देणे शक्य नाही. नवव्या दिवशी दुसरा आला, की आपली विनंती पूर्ण झाली आहे, समाधानाबद्दल एक ते पाच गुण द्यावेत. मी कचेरीत गेलो. खिडकीतील मुलीने पडद्यावर पाहिले आणि आमची इमारत त्यांच्या यादीतच नाही असे सांगितले. इमारत आहे, मी तिच्यात राहतो, असे मी म्हटले. ‘यादीत येईल तेव्हा होईल. थई जशे, काका.’

थई जशे! आपले मराठी बडोद्यात दोनशे वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. ह्या दोन गुजराती शब्दांइतका धीर आणि वैताग एकाच वेळी देणारे दुसरे काही आपल्या घरांत शिरले असेल असे मला वाटत नाही. कचेरीच्या अशा खेपेस आपण ‘धक्का पडला’ म्हणतो, तेही तिकडूनच आलेले. मला असे नऊ धक्के पडले.

दर खेपेस नवा माणूस, आणि दर खेपेस कथा अथपासून. तक्रारीला क्रमांक मिळतो, माणूस मिळत नाही. २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीच्या निकालाने समाधान झाले नाही, तर कंपनीच्या वरिष्ठांकडे अपील करता येते आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागावा लागतो, हे मी शोधून काढले. पण माझी तक्रार त्यांच्या दप्तरी ‘निवारण’ झालेली होती. निवारण झालेल्या तक्रारीविरुद्ध तक्रार कशी करावी, हे त्या मुलीला सांगता येईना. खरे म्हणजे मलाही सुचेना. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या अमदानीत कारभारातील शब्दांना देशी प्रतिशब्द देणारा ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ साली निघाला. ‘न होता झालेले निवारण’ ह्यास त्या पंडितांनी कोणता शब्द योजिला असता, हा विचार मी त्या बाकावर बसून पुष्कळ वेळ केला.

दुसरी एक कंपनी आमच्या इमारतीत होती. किंबहुना तीच होती, कारण बिल्डरने तिच्याशीच बोलणे करून ठेवले होते आणि इतरांच्या तारांना जिन्याशेजारच्या पोकळीत, ज्यास डक्ट म्हणतात तीत, प्रवेश नव्हता. तिच्याकडे गेलो. तेथे उत्तर मिळाले, की पेटी भरली आहे. ही पेटी म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. एक्स्चेंजातून निघालेली केसाएवढी काचेची तार वाटेत फांद्या फुटत फुटत बत्तीस किंवा चौसष्ट घरांना पुरते. आमच्या चौथ्या मजल्यावर तिची एक पेटी आहे, तीत आठ घरांची सोय आहे, आणि नववे आम्ही.

तोवर काम मोबाइलवर भागवावे असे ठरले. येथे संगीताचे थोडे बोलले पाहिजे, कारण ब्रॉडबँडच्या जाहिराती वेगाविषयी बोलतात आणि गाणाऱ्यास वेगाशी फारसे कर्तव्य नसते. सरकारने २०२३ साली ब्रॉडबँड म्हणावयास निदान २ एमबीपीएस वेग हवा असे ठरविले. त्यापूर्वी ५१२ केबीपीएसही पुरत असे. आवाज वाहून न्यावयास ह्यातले थोडेसेच लागते. लागते ते वेगळेच. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. येथून न्यू जर्सी, सरळ रेघ ओढली तरी, साडेबारा हजार किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे जाण्यासच एक सेकंदाचा सोळावा भाग. समुद्राखालच्या तारा सरळ रेघेने जात नाहीत, वाटेत यंत्रेही आपापला वाटा घेतात. माझा ठेका तिकडे पोहोचून मुलीचा सूर परत येईतो पाव सेकंद सहज जातो.

पाव सेकंद म्हणजे किती? मिनिटाला एकशेवीस मात्रांचा मध्य त्रिताल धरा. एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे माझी विद्यार्थिनी अगदी बिनचूक समेवर आली, तरी मला ती अर्धी मात्रा मागे ऐकू येते. द्रुतात लय दुप्पट केली की पुरी एक मात्रा. विलंबित एकतालात काहीच जाणवत नाही, आणि म्हणून अनेकांना वाटते की सारे ठीक चालले आहे. ह्यावर आम्ही तोड काढली आहे : तबला तिच्या खोलीत वाजावयाचा, गुरूने ठेका धरावयाचा नाही, टाळीही द्यावयाची नाही. माझ्या वडिलांना हे कळते, तर टाळी न देणारा गुरू म्हणजे काय, असे त्यांनी विचारले असते. परंतु नेहमी अर्धी मात्रा मागे असणारा शिष्य सांभाळता येतो; कानाला सवय होते. मोबाइलच्या हवेतील जोडणीवर ते अंतर कायम राहत नाही. आता अर्धी, आता दीड, मध्येच दोन मात्रा गिळून पुढचे तीन स्वर एकदम. ह्याची सवय कोणत्याच कानाला होत नाही.

शिवाय तंबोरा. भेटीगाठींच्या त्या ॲपला एकसारखा चाललेला नाद म्हणजे पंख्याची घरघर वाटते, आणि तो ती इमानाने पुसून टाकतो. मूळ आवाज जसाच्या तसा जाऊ देण्याची एक खूण त्यात असते. ती लावली तर तंबोरा पोहोचतो, पण मग मोबाइलच्या जोडणीवर ओझे वाढून सगळेच तुटते. सहाव्या मजल्यावर मी खिडकीशी, मग गॅलरीत, एकदा तर जिन्यात तंबोरा घेऊन बसलो. एका मुलीची आई संकोचाने म्हणाली, ‘सर, तुमचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतोय.’ पुढच्या आठवड्यात त्यांनी कळविले की मुलीला शाळेचे काम फार आहे. असे चार विद्यार्थी गेले. त्यांना दोष कसा द्यावा? पैसे देऊन पाण्याखालचा यमन कोण शिकेल?

जुनी जोडणी हलेपर्यंत चालू ठेवा, नाहीतर अर्ज रद्द होईल, असे पहिल्याच दिवशी बजावले होते. म्हणून वाड्याला कुलूप होते, पण आतले दिव्याचे बटण चालू, पेटी चालू, फोन चालू आणि बिलही चालू. रिकाम्या घरात तो अधूनमधून वाजे, असे शेजारच्या वहिनी सांगत. कोणी कर्ज देणारे असतील म्हणून मी लक्ष दिले नाही.

वडिलांचे एक शिष्य धारवाडास असतात. वय चौऱ्याऐंशी. दर गुरुपौर्णिमेला सकाळी सहाच्या सुमारास त्यांचा फोन येतो. वडील होते तेव्हाही येई, ते गेल्यावरही चुकला नाही. बोलणे फारसे नसते. ‘लावा,’ म्हणतात. मी रिसीव्हर तंबोऱ्याच्या भोपळ्याजवळ ठेवून मिनिटभर तारा छेडतो. ‘बरं, पुरे,’ म्हणून ते ठेवून देतात. त्यांच्याजवळ मोबाइल नाही, आणि आमचा एकच क्रमांक त्यांना ठाऊक : १९८७ पासूनचा, ज्यास पुढे एक आकडा चिकटून तो सात आकडी झाला, तेवढाच.

२०२५ साली गुरुपौर्णिमा १० जुलैला होती. त्यांचा क्रमांक असलेली वही अजून खोक्यात होती, आणि मी सकाळपासून कागदांची फाइल काखोटीस मारून कचेरीच्या तयारीत. मी फोन करावयास हवा होता. लक्षातच राहिले नाही.

आठवड्याने वहिनींनी वाड्यावर आलेले पोस्टकार्ड आणून दिले. थरथरत्या मोडी वळणाचे बाळबोध अक्षर. ‘तीन दिवस फोन लावतो. घंटा जाते, कोणी उचलत नाही. तुझी व सौ. वहिनींची प्रकृती ठीक असेल असे धरून चालतो. कळवावे.’ सौ. वहिनी म्हणजे माझी आई. त्यांच्या लेखी गुरुपत्नी अजून सौभाग्यवतीच आहे. आईने कार्ड दोनदा वाचले आणि काही न बोलता देवाजवळ ठेवले. मी लगेच मोबाइलवरून फोन केला; त्यांनी उचलला, पण तेथेही आवाज तुटत होता. कोण बोलते हे त्यांना कळले नसावे. ‘रॉंग नंबर,’ म्हणून त्यांनी ठेवला.

जोडणी कशी झाली ते थोडक्यात सांगतो, कारण ती कोणत्याही अर्जाने झाली नाही. जुलैच्या अखेरीस लिफ्टमध्ये एक पोरगा भेटला. पाठीवर पिशवी, हातात तारेचे वेटोळे. तो पाचव्या मजल्यावरच्या कोणाची तक्रार पाहावयास आला होता. मी त्यास जवळजवळ ओढतच चौथ्या मजल्यावर नेले. त्याने पेटी उघडली, खिशातील दिवा लावून पाहिले आणि हसला. आठांपैकी एक जागा रिकामी होती. तेथील बिऱ्हाड कधीच सोडून गेले होते. त्यांची तार निघाली, पण दप्तरातील नोंद निघाली नाही. अडीच महिने ज्या भरलेल्या पेटीसाठी मी धक्के खाल्ले, ती उघडून पाहण्यास अर्धे मिनिट लागले.

दुसऱ्या दिवशी तो रीतसर आला. तारेचे टोक सोलणे, स्पिरिटने पुसणे, काच सरळ तोडणे आणि छोट्या यंत्रात ठिणगीने दोन टोके वितळवून जोडणे, हे मी शेजारी बसून पाहिले. तारा चढविताना जवारीकडे पाहतात तसे त्याचे डोळे बारीक झाले होते. तरीही आमच्या पेटीवर लाल दिवा लुकलुकतच राहिला. त्याने मीटर लावले : उणे २९. ‘पॉवर नाही येत, सर.’ दुसरा कोणी असता तर तक्रार नोंदवा म्हणून गेला असता. हा तारेवरून बोट फिरवीत मागे मागे गेला आणि दाराच्या चौकटीवर थांबला. तेथे खिळ्याखाली तार फार वळली होती. काच फार वाकली की प्रकाश बाहेर सांडतो. त्याने खिळा काढला, तार सैल केली. उणे २१. दिवा हिरवा झाला. चहा घेताना त्याने तंबोऱ्याकडे बोट करून विचारले, ‘ह्यात किती तारा?’ चार, मी म्हटले.

क्रमांक मात्र नवा मिळाला. जुना हलू शकत नाही, कंपनीच निराळी. तो मी बंद करावयास सांगितला आहे. त्याचाही क्रमांक मिळाला आहे.

त्या संध्याकाळी धारवाडास फोन लावला. ह्या खेपेस आवाज स्वच्छ होता. मी नाव सांगितले, झाले ते सांगितले, चुकलो असेही म्हटले. ‘वही घेतो,’ म्हणून ते बराच वेळ गेले. नवा क्रमांक मी सांगितला. त्यांनी एकेक आकडा वाचून दाखविला, एक चुकला तो खोडून पुन्हा लिहिला. मग विचारले, ‘तंबोरा लागलाय का?’

‘उतरलाय,’ मी म्हटले, ‘लावतो. दोन मिनिटे थांबावे लागेल.’

ते थांबले.