मोबाइलवरचं स्थळ आणि आपले गैरसमज

२१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापुरात, लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून, लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेशात, काही जण घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कार्यालयावर चालून गेले. मोर्चा याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या रमेश बारसकरांच्या ज्योती क्रांती परिषदेचा. त्याची चेष्टा करणं सोपं होतं; पण गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडक राबवा, ही मागणी गंभीर होती. २००१च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. ती मुलं आज लग्नाला आली आहेत. २०११मध्ये हाच आकडा ८९४ झाला. तेव्हा डेटिंग ॲप घेतलं की मुलगी मिळेल, हा पहिला गैरसमज सोडलेला बरा. न जन्मलेल्या मुली ॲप कुठून आणणार? उलट आपल्याकडे ॲपवर पुरुषांचीच गर्दी आहे. ॲप ओळख करून देतं, बस्स. पण गावाबाहेरची ओळख ही लहान गोष्ट नाही.

दुसरा गैरसमज असा, की ॲपवर सगळा टाइमपासच चालतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीनुसार २०१७मध्ये जुळलेल्या स्त्री-पुरुष जोड्यांपैकी ३९ टक्क्यांची ओळख ऑनलाइन झाली होती. २००५ ते २०१२मध्ये लग्न झालेल्यांच्या दुसऱ्या अभ्यासात, ऑनलाइन भेटलेल्यांमध्ये फारकतीचं प्रमाण किंचित कमीच आढळलं. ‘ती अमेरिका, इथे जात आडवी येते,’ हा आक्षेप खरा आहे. तिथले आकडे मोहोळला लावता येत नाहीत. त्यातून एवढंच कळतं, की ओळख कुठे झाली यावर नातं ठरत नाही. लग्न जुळवणाऱ्या साइटवर जात, पगार, शहर अशी चाळणी लावली की मोहोळच्या बागायतदार मुलाचं स्थळ अनेक मुलींना दिसतही नाही. ॲपवर निदान बोलणं आधी होतं. तिथे पहिल्याच ओळीत ‘शेती करतो, आई-वडील सोबत असतात, लग्नाचा विचार आहे’ असं लिहिलं तर उत्तरं कमी येतील, पण येतील ती कामाची.

राहिली फसवणूक. ती ठरवून केलेल्या लग्नांतही होते. एजंटाने पैसे घेऊन लावलेल्या लग्नात नवरी चार दिवसांत दागिन्यांसह पसार झाल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात पोलिसांकडे येत असतात. विवाहाच्या साइटही निर्धास्त नाहीत, म्हणून तर २०१६मध्ये केंद्र सरकारने त्यांना सदस्यांची ओळख तपासायला सांगितलं. मामा-मावशी करायचे ती चौकशी ॲपवरही हवीच: आधी व्हिडिओ कॉल, मग गावात विचारपूस. पैसे मागितले की बोलणं थांबवावं. गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावं. मुलीची जोखीम मात्र वेगळी आणि मोठी आहे. फोटो गावभर फिरला तर बोल तिलाच लागतो. ती आडनाव सांगत नसेल, मोहोळच्या स्टँडऐवजी सोलापुरात मैत्रिणीला घेऊन भेटू म्हणत असेल, तर मुलाने तिच्यावर संशय घेऊ नये.