कोपरा फाटलेलं कार्ड

लहानपणी पोस्टमनने आणलेल्या कार्डाचा कोपरा फाटलेला असला, की आजी ते उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. कुणीतरी गेल्याची बातमी असायची. दारातच वाचायचं, तिथेच फाडायचं आणि मग आंघोळ. आजीला अक्षरओळख नव्हती, पण बातमी घरात सगळ्यांआधी तिला कळायची. तिच्याही आधी पोस्टमनला.

ईमेलच्या गोपनीयतेचा विषय निघाला की मला ते कार्ड आठवतं. कार्डावरचा मजकूर वाटेत कुणालाही वाचता येतो, हे तर आहेच. पण मजकूर न वाचताही पुष्कळ कळतं, आणि त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही.

ईमेल पोहोचवण्याची एसएमटीपी ही पद्धत जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहून काढली. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. सगळे एकमेकांच्या ओळखीतले, त्यामुळे कुलपाची आठवण कुणाला झाली नाही. आता बहुतेक मोठ्या सेवा दोन सर्व्हरमधला प्रवास कूटबद्ध करतात. म्हणजे टपालाच्या थैलीला लाखेचं सील लागलं. थैली कचेरीत उघडली की आत मात्र पुन्हा उघडी कार्डंच. जीमेलमधला मजकूर संगणकाकरवी चाळून त्यावर जाहिराती बेतायचं काम गूगल कित्येक वर्षं करत होतं, ते थांबवत असल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. ठीक आहे. पण ‘वाचत नाही’ आणि ‘वाचता येत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या गोष्टीसाठी गणित लागतं. दाबलं की लागणारी कुलपं आठवा. लावायला किल्ली लागत नाही, उघडायला लागते. अशी उघडी कुलपं तुम्ही गावभर वाटलीत आणि किल्ली स्वतःच्या कनवटीला ठेवलीत, तर कुणीही तुमच्यासाठी पेटी बंद करून पाठवू शकतो. उघडू शकता फक्त तुम्ही. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये असं कुलूप अंकांतून घडवलं. ८९ गुणिले ९७ हा गुणाकार कागदावर मिनिटात होतो. पण नुसता ८६३३ हा आकडा देऊन त्याचे अवयव विचारले, तर वेळ जातो. आकडा ६१७ अंकी असेल, तर आजचे संगणकही हात टेकतात.

फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये हे कुलूप ‘पीजीपी’ या नावाने घरगुती संगणकांसाठी खुलं केलं. कूटलेखनाची साधनं तेव्हा अमेरिकेच्या निर्यात कायद्यात दारूगोळ्याच्या यादीत होती. झिमरमन यांच्यामागे तीन वर्षं चौकशी लागली. आरोप न ठेवताच ती १९९६ च्या जानेवारीत संपली. दरम्यान एमआयटी प्रेसने पीजीपीची संपूर्ण आज्ञावली जाड पुस्तकात छापली. फ्लॉपी परदेशी नेणं गुन्हा, पण पुस्तक नेण्यावर बंदी नाही!

इतकं करून ते वापरलं किती जणांनी? १९९९ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात बारा जणांना दीड तास देऊन पीजीपी वापरायला बसवलं. योग्य तऱ्हेने सही करून, कुलूप लावून पत्र पाठवणं जमलं एक तृतीयांश लोकांना. तिघांनी तर गुपित उघडंच धाडून दिलं. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची पाळत पुढे उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांनी पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना २०१२ च्या अखेरीस निनावी संपर्क केला आणि पीजीपी बसवून घ्यायला सांगितलं. ग्रीनवाल्ड यांनी ते टाळलं. कटकट वाटली, दुसरं काय!

स्नोडेन यांची ईमेल सेवा होती लावाबिट, टेक्सासमधल्या लाडार लेव्हिसन यांची. २०१३ च्या उन्हाळ्यात अमेरिकी सरकारने आधी एका खात्याच्या पत्रव्यवहाराची नोंद मागितली आणि मग संपूर्ण सेवेची किल्ली. पैसे भरणाऱ्या ग्राहकांची पत्रं तिथे त्यांच्या पासवर्डने कूटबद्ध असत, पण तो पासवर्ड सर्व्हरपर्यंत ज्या बंद नळीतून येई, ती उघडणारी किल्ली सगळ्यांसाठी सामाईक. ती दिली की चार लाखांवर ग्राहक उघडे. लेव्हिसन यांनी किल्ली दिली ती अकरा कागदांवर, मुंगीएवढ्या चार पॉइंटच्या टायपात छापून. २५६० अक्षरं बिनचूक टंकायची कशी, अशी तक्रार सरकारी वकिलांनी केली. न्यायालयाने रोज पाच हजार डॉलर दंड लावला. अखेर त्यांनी वापरण्याजोगी किल्ली सोपवली आणि ८ ऑगस्टला दुकानच बंद केलं. असा आडमुठेपणा मला आवडतो.

पण सरकारची पहिली मागणी पुन्हा वाचा. मजकूर नव्हे, नोंद. कुणी, कुणाला, केव्हा, कुठून. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातही मजकूर पाहण्यासाठी कलम ६९ आहे आणि या वाहतूक-नोंदींसाठी वेगळं ६९ ब. सीआयएचे तत्कालीन प्रमुख डेव्हिड पेट्रेयस आपल्या चरित्रकार मैत्रिणीशी बोलताना पत्र पाठवतच नसत, असं तेव्हा वृत्तपत्रांत आलं होतं: दोघांचं सामाईक खातं, मजकूर मसुद्यात लिहून ठेवायचा, दुसऱ्याने तिथेच वाचायचा. २०१२ मध्ये एका वेगळ्याच धमकीवजा पत्रांच्या तपासात एफबीआयने ती पत्रं पाठवणारं निनावी खातं कोणकोणत्या हॉटेलांच्या इंटरनेटवरून उघडलं हे पाहिलं आणि त्या त्या रात्रींच्या पाहुण्यांच्या याद्या ताडल्या. सगळ्या याद्यांत एक नाव होतं, त्या चरित्रकार मैत्रिणीचं. नोव्हेंबरात पेट्रेयस यांचा राजीनामा.

जाहिरातीच्या पत्रांत दडवलेलं बारीकसं चित्रही अशीच नोंद गोळा करतं. पत्र उघडलं की ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि न मागता पोचपावती जाते. दूरची चित्रं आपोआप उघडू नयेत, अशी सोय बहुतेक ईमेल सेवांच्या सेटिंगमध्ये असते; ती लावून टाका. दोन टप्प्यांचं लॉगिन तर आधी, कारण पाळतीपेक्षा चोरीला गेलेल्या पासवर्डाने अधिक माणसं बुडतात.

मी आणि माझ्या एका मित्राने मध्यंतरी हौसेने पीजीपी बसवून घेतलं. दोन रविवार गेले. मग त्याचं पहिलं कुलूपबंद पत्र आलं: पडदाभर अगम्य अक्षरं, पाहूनच समाधान वाटावं अशी. पण आम्ही घेतलेल्या साध्या पीजीपीत विषयाच्या रकान्याला कुलूप नव्हतं. तिथे स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, ‘बाबांच्या बायोप्सीचा रिपोर्ट’.