‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’

ब्रेकपॉइंट, टॉमकॅट आणि थंड झालेली पावभाजी... कांदिवलीतल्या एका शुक्रवार रात्रीची गोष्ट

शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ. आकुर्ली मेट्रो स्टेशनला उतरून रिक्षाने लोखंडवाला टाउनशिप गाठली, तेव्हा डोक्यात एकच प्लॅन होता. ताईकडे पावभाजी, मग एखादा पिक्चर आणि शनिवारी दहापर्यंत मस्त झोप. दार जिजूंनी उघडलं. ओठांवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘हळू... प्रॉडक्शनला आग लागलीये.’’

मास कम्युनिकेशन शिकलेली मी! क्षणभर खरंच धूर शोधला.

आतल्या खोलीत माझी मावसबहीण कानाला हेडफोन लावून बसली होती. बारा वर्षं जावात काम करतेय, चेहरा सहसा पडत नाही तिचा. आज पडला होता. तिच्या कंपनीने एका पॅथॉलॉजी लॅबची वेबसाइट बनवलीये. त्या दुपारी एका पेशंटने लॉगिन केलं, तर वर नाव त्याचं आणि खाली आकडे भलत्याचेच! शुगर तीनशेच्या पुढे. बिचारा घामाघूम होऊन डॉक्टरकडे पळाला. नशीब, डॉक्टरांनी रिपोर्टमधलं वय वाचलं... पेशंट चौतिशीचा आणि रिपोर्ट एकाहत्तर वर्षांच्या कुणाचा तरी.

कॉलवर मॅनेजर एकच विचारत होते, ‘‘हा कोड कुणी लिहिलाय?’’ लिहिला होता सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या एका फ्रेशरने. तो रडवेला होऊन म्हणत होता, ‘‘मॅडम, माझ्या मशीनवर तर चालतंय!’’

‘‘चालणारच,’’ ताई म्हणाली. ‘‘तुझ्या मशीनवर तू एकटाच आहेस ना.’’

एक वेटर, सतरा टेबलं

कॉल म्यूट करून ताईने मला समजावलं. ‘‘अगं, स्टेशनजवळच्या उडप्याकडे एक वेटर सतरा टेबलं बघतो की नाही? समजा त्याने ऑर्डर कागदावर न लिहिता तळहातावर लिहिली. दुसऱ्या टेबलची लिहिताना पहिली पुसली. मग तुझ्या डोशाच्या जागी दुसऱ्याचा उपमा येणारच.’’

जावाच्या वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये हा वेटर म्हणजे सर्व्हलेट. टॉमकॅटसारखा सर्व्हर साधारणपणे एका सर्व्हलेटचा एकच ऑब्जेक्ट बनवतो. शंभर जण साइटवर आले, तरी सगळ्यांच्या रिक्वेस्ट त्याच ऑब्जेक्टमधून जातात, फक्त प्रत्येकीचा थ्रेड वेगळा. फ्रेशरने पेशंटचा नंबर ऑब्जेक्टच्या फील्डमध्ये, म्हणजे तळहातावर ठेवला होता. एकेकटे आले तर सगळं छान. दोघांनी एकाच क्षणी क्लिक केलं की गडबड!

निळा ठिपका

आता हे सिद्ध कसं करायचं? ताईने एक्लिप्स उघडलं. आयबीएमने २००१ मध्ये ओपन सोर्स केलेलं हे सॉफ्टवेअर म्हणजे कोड लिहिण्यापासून तपासण्यापर्यंत सगळं एकाच खिडकीत. इंटेलिजे आणि नेटबीन्स ही त्याचीच भावंडं म्हणा ना.

तिने टॉमकॅट डीबग मोडमध्ये चालू केला. नंबर ठेवणाऱ्या ओळीच्या लगेच खालच्या ओळीशेजारी डबल क्लिक. एक निळा ठिपका उमटला. हाच ब्रेकपॉइंट. प्रोग्रॅम इथवर येतो आणि स्टॅच्यू!

मग दोन ब्राउझर, दोन खोटे पेशंट. खोटेच, कारण खऱ्या पेशंटचा डेटा आपल्या लॅपटॉपवर आणायचा नसतो. पहिल्यातून १०१ नंबर पाठवला. थ्रेड ठिपक्यापाशी थांबला. पोटातल्या सगळ्या व्हॅल्यू बाजूच्या चौकटीत दिसत होत्या, नंबर १०१. दुसऱ्या ब्राउझरमधून १०२. तोही येऊन थांबला. आता ताईने पहिल्या थ्रेडवर परत क्लिक केलं.

नंबर १०२!

जिजू पावभाजीची प्लेट घेऊन दारात उभे होते. तेही म्हणाले, ‘‘आयला!’’

आधी लाल, मग हिरवा

मला वाटलं, झालं. पण ताईने लगेच कोड दुरुस्त नाही केला. आधी टेस्ट लिहिली, जेयुनिटमध्ये. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झ्युरिकहून अटलांटाला जाताना विमानात हे टूल लिहायला घेतलं होतं. (आपण विमानात काय करतो? खिडकीची सीट मिळाली का ते बघतो.) टेस्टमध्ये दोन थ्रेड मुद्दाम एकमेकांवर आदळवले. पट्टी लाल. मग फील्डमधला नंबर मेथडच्या आतल्या लोकल व्हेरिएबलमध्ये हलवला, म्हणजे प्रत्येक टेबलला स्वतंत्र कागद. पट्टी हिरवी. दुरुस्ती दोन मिनिटांची, शोध तीन तासांचा.

‘‘टेस्ट आधी लाल झालेली बघितली नाही, तर ती नेमकं काय तपासतेय ते कळणार कसं?’’ ताईचं लॉजिक.

मला आठवला तो प्रसिद्ध पतंग. १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये खराखुरा पतंग सापडला होता. ऑपरेटर्सनी तो टेप लावून लॉगबुकात चिकटवला. ‘बग’ हा शब्द त्याच्याही आधीचा, पण या किड्याचा किस्सा ग्रेस हॉपर यांनी जगभर नेला. पतंग बिचारा दिसला तरी. इथे किडा बघायला दोन माणसं एकाच वेळी लागतात!

तुमच्यासाठी तीन टिप्स

● बग कळवताना ‘चालत नाहीये’ एवढंच लिहू नका. किती वाजता, काय क्लिक केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं ते लिहा. जोडीला स्क्रीनशॉट.

● डेव्हलपर असाल तर एका वेळी एकच बदल करा. दोन केले तर कशाने बरं झालं ते कळत नाही.

● चालू साइटवर ब्रेकपॉइंट लावू नका. तुमच्याबरोबर ग्राहकही स्टॅच्यू होतील! तिथे लॉग वाचा.

रात्री एक वाजता ताईने मेल लिहायला घेतला. मॅनेजरांना अजूनही नाव हवं होतं. मी खांद्यावरून वाचलं. कारण, दुरुस्ती, नवीन टेस्ट, त्या काळात आणखी कुणाला चुकीचा रिपोर्ट गेला असेल ते लॉगमधून काढून लॅबला कळवायचा आग्रह. आणि शेवटी एक ओळ : ‘हा कोड मी रिव्ह्यू करून पास केला होता. चूक माझ्या नजरेतून सुटली.’

फ्रेशरचं नाव कुठेच नव्हतं.

‘‘अगं, पण लिहिला त्याने ना?’’ मी विचारलं.

‘‘माझ्या पहिल्या वर्षी मीही तळहातावरच लिहायचे,’’ ती म्हणाली आणि सेंड दाबलं. ‘‘चल, पाव गरम कर.’’