क्लोझापिन: उपकार आणि अपाय
क्लोझापिन लिहून देताना माझा हात आजही क्षणभर थांबतो. १९७५ साली फिनलंडमध्ये या औषधाने काही रुग्णांच्या पांढऱ्या रक्तपेशी घटल्या आणि जंतुसंसर्गाने माणसे दगावली. अनेक देशांनी ते मागे घेतले. १९८८च्या अमेरिकी अभ्यासाने ते परत आणले: इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांपैकी ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनवर अवघे ४ टक्के. मात्र पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी. वजन वाढते, झोपेत लाळ गळते; बद्धकोष्ठताही जिवावर बेतू शकते (हे विचारायला आम्ही डॉक्टरच विसरतो). एका आईने विचारले, “बंद करू या का?” मुलगाच म्हणाला, “नको. कानातले आवाज थांबलेत. उशी धुता येते.”