दोन इंजिनांची गाडी वाटेत बंद का पडते?



दिवाळीच्या सुमारास आपल्या एका जुन्या सभासदांचे चिरंजीव पुण्याहून नवी हायब्रीड गाडी घेऊन गावी येत होते. घाट चढून वर आले आणि समोरच्या पट्टीवर लाल खूण उजळली. पाय दाबला तरी गाडी वेग घेईना. मुलाने प्रसंगावधान राखून ती डाव्या अंगाला घेतली. तेवढ्यात गाडी पूर्ण बंद, ती पुन्हा काही सुरू होईना. मागून आलेला ट्रॅक्टरवाला भला माणूस, त्याने लगेच दोर काढला. पण चिरंजीव "दोर बांधू नका" म्हणून अडून बसले आणि दोन तास वाहून नेणाऱ्या गाडीची वाट पाहत थांबले. इकडे तात्यांचा पारा चढला. दुसऱ्या दिवशी ते इंजिनिअरिंग खात्यात आले आणि खुर्चीवर बसता बसता म्हणाले, "साहेब, दोन-दोन इंजिनं आहेत म्हणून जास्त पैसे मोजले. एक बसलं तर दुसऱ्यानं ओढायला नको का? आणि दोर बांधला असता तर काय बिघडलं असतं?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आपल्या कार्यक्षेत्रात अशा गाड्या आता गावोगाव दिसू लागल्या आहेत. शिवाय विषय आपल्या धंद्यालाही लागून आहे. इथेनॉलवर चालणाऱ्या हायब्रीड गाडीचा नमुना दिल्लीत २९ ऑगस्ट २०२३ रोजी दाखवण्यात आला, तो इनोव्हा हायक्रॉस गाडीचाच होता. तेव्हा तात्यांना जे सांगितले ते सर्वांसाठी लिहितो.

पहिल्याने एक गैरसमज काढून टाकू. हायब्रीड गाडीचे पेट्रोल इंजिन चालता चालता थांबणे हा बिघाड नव्हे. सिग्नलला, उतारावर, गल्लीत हळू जाताना ते मुद्दाम बंद होते आणि गाडी विजेच्या मोटारीवर चालते. गरज लागली की इंजिन आपोआप सुरू होते. नवीन मालक पहिले आठ दिवस यानेच घाबरतो. आपण बोलतो आहोत ते वेगळे. रस्त्यात लाल खुणा लागतात, ऍक्सिलरेटर मेल्यासारखा होतो आणि गाडी ढकलल्याशिवाय हलत नाही, त्याविषयी.

आता तात्यांचा पहिला प्रश्न. जगात सर्वांत जास्त खपलेली हायब्रीड गाडी म्हणजे टोयोटाची प्रियस. ती डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीला आली. तिच्या रचनेवरून समजून घेऊ, कारण आपल्याकडच्या कित्येक गाड्यांत तीच रचना थोड्याफार फरकाने आहे. या गाडीत पेट्रोल इंजिन एक आणि विजेची यंत्रे दोन. एक मोटार चाकांना जोडलेली. दुसरे यंत्र मुख्यतः जनरेटरचे काम करते आणि इंजिन सुरू करण्याचे कामही त्याच्याकडेच असते, वेगळा स्टार्टर नाही. ही तिन्ही एकमेकांना ग्रहमाला गिअरने जोडलेली असतात. मध्ये एक चक्र, भोवती फिरणारी लहान चक्रे आणि बाहेर दात असलेले कडे. मधले चक्र जनरेटरला, लहान चक्रांची चौकट इंजिनला आणि बाहेरचे कडे चाकांना. नेहमीचा गिअरबॉक्स नाही, क्लचही नाही.

हे ध्यानात येण्यासाठी बैलगाडीचे जू डोळ्यांसमोर आणा. जुवाच्या मध्यावर जोर लावला आणि दोन्ही टोके धरलेली असली तरच तो जोर दोन्हीकडे पोचतो. एका टोकाचा बैल ढिला पडला, तर जू त्या बाजूला फिरते आणि दुसऱ्या टोकालाही काही मिळत नाही. हायब्रीड गाडीत मध्याचा जोर इंजिनचा, एक टोक चाकांचे, दुसरे जनरेटरचे. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये इंजिनच्या पिळाचा सुमारे ७२ टक्के भाग चाकांकडे जातो आणि २८ टक्के जनरेटरकडे. पण जनरेटरने आपले २८ टक्क्यांचे टोक घट्ट धरले तरच बरं का! विजेची बाजू मेली की जनरेटर मोकळा फिरतो, इंजिनचा सगळा जोर तिकडे वाया जातो आणि चाकांना काही मिळत नाही. म्हणून तात्या, ही दोन स्वतंत्र इंजिने नाहीत, एका जुवाला जुंपलेली जोडी आहे.

सर्वच हायब्रीड अशा नसतात. काही गाड्यांवर 'स्मार्ट हायब्रीड' लिहिलेले असते, त्यांत पट्ट्यावर चालणारे छोटे यंत्र इंजिनला फक्त हात देते. ते बंद पडले तरी इंजिन गाडी नेते. आपली कोणती, हे घेतानाच विचारून ठेवावे.

विजेची बाजू मरते कशाने? बॅटरीच खराब झाली असेल असे आपण म्हणतो. पण गाजलेल्या बिघाडांचा इतिहास पाहिला तर दोष बहुधा बॅटरी आणि मोटार यांच्या मधल्या पेटीत आणि तिला चालवणाऱ्या संगणकात निघाला. बॅटरी सुमारे २०० व्होल्टची. तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तो दाब वाढवून ६५० व्होल्टपर्यंत नेतात. आपल्या विहिरीवरच्या थ्री फेज मोटारीला ४१५ व्होल्ट लागतात, त्यावरून अंदाज करा. हा दाब वाढवणारे आणि डी.सी.चे ए.सी. करणारे ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि तापतात. त्यांना थंड ठेवायला वेगळे पाणी आणि वेगळा विजेचा पंप असतो.

आपल्या कारखान्यात वंगणाच्या तेलाचा दाब कमी झाला की टर्बाइन आपोआप ट्रिप होते. मिल थांबते, गव्हाणीपाशी गाड्यांची रांग लागते, सभासद चिडतात. पण ट्रिप झाली नसती तर टर्बाइनच गेले असते. हायब्रीडमध्येही तसेच. संगणकाला ताप, दाब किंवा प्रवाह हाताबाहेर गेला असे दिसले की तो आधी गाडी लंगडी करतो, म्हणजे कमी ताकदीवर कडेला जाण्यापुरती चालवतो, आणि तेही धोक्याचे दिसले तर बंद करतो. प्रश्न उरतो तो असा, की संगणकाचा अंदाजच चुकला तर?

तसे घडलेले आहे. अमेरिकेत २००४ आणि २००५ सालच्या प्रियस हमरस्त्यावर चालता चालता बंद पडू लागल्या. तिथल्या सरकारच्या वाहतूक सुरक्षा खात्याकडे तक्रारी आल्या. किती असाव्यात? ३३. एवढ्यावर खात्याने २००५ च्या जूनमध्ये चौकशी उघडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने अमेरिकेतील सुमारे ७५ हजार गाड्या बोलावून त्यांच्या संगणकाची आज्ञावली दुरुस्त करून दिली. त्या दुरुस्तीत कुठला मोठा भाग बदलावा लागला नाही. गाडी धडधाकट असताना चुकीची आज्ञा तिला थांबवत होती.

पुढची हकीकत जास्त बोलकी आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने जगभरातून सुमारे १९ लाख तिसऱ्या पिढीच्या प्रियस परत बोलावल्या. दाब वाढवणाऱ्या भागातले ट्रान्झिस्टर ज्या पद्धतीने चालवले जात होते, तीमुळे ते जास्त तापून खराब होऊ शकत होते. बहुतेक वेळा गाडी लंगडी होई, क्वचित धावताना बंद पडे. उपाय पुन्हा आज्ञावलीचाच. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, जगभरातील सुमारे २४ लाख ३० हजार हायब्रीड गाड्यांसाठी पुन्हा बोलावणे निघाले. कारण, आधीच्या दुरुस्तीत न धरलेल्या एका परिस्थितीत गाडी लंगडी चालायला हवी तिथे ती थेट बंद पडू शकत होती. वेगात असताना असे झाले तर अपघाताचा धोका वाढतो, हे कंपनीनेही मान्य केले. २०२० साली आणखी सुमारे साडेसात लाख गाड्यांची त्यात भर पडली. २०१२ मध्ये तर दुसऱ्या पिढीच्या गाड्यांचे थंड पाण्याचे पंप बदलून द्यावे लागले होते, कारण पंपातल्या दोषाने हायब्रीड यंत्रणा चालत्या गाडीत बंद पडू शके.

यावरून कोणी अशी गाडी घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. लाखो गाड्या वर्षानुवर्षे बिनतक्रार चालल्या. कंपनी वाईट असेही नाही. चूक निघाली आणि दुरुस्त झाली, ती उघडपणे झाली. मात्र एक गोष्ट मला खटकते. आपल्याकडे गाडी रस्त्यात बंद पडली आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू झाली, की आपण देवाचे आभार मानतो आणि पुढे जातो. अमेरिकेत ३३ माणसांनी कंटाळा न करता कळवले म्हणून ७५ हजारांचे काम झाले. आपल्याकडेही गाड्या परत बोलावण्याचा कायदा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली तशी तरतूद झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. किती तक्रारी आल्या यावर सरकार कंपनीला गाड्या बोलवायला लावू शकते. तक्रारच नोंदवली नाही तर मोजणार काय?

आता प्रत्यक्ष प्रसंग आला तर काय करायचे. घाबरून गाडीचे पॉवरचे बटण दाबू नका. गाडी पुढे जाते आहे तोवर स्टिअरिंग आणि ब्रेक कामाचे असतात. २०१८ च्या वेळी कंपनीने हेच सांगितले होते की गाडी बंद पडली तरी पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेक चालतील. पण ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नये, एकदाच नीट दाबून धरावा. चारही दिवे लुकलुकते करा, डावीकडे कडेला घ्या, माणसे डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून लांब उभी करा. बायकामुलांना गाडीत बसवून ठेवणे ही सर्वांत मोठी चूक, विशेषतः रात्री, उसाच्या ट्रॉल्या ज्या रस्त्यावर बिनदिव्याच्या फिरतात तिथे (आणि त्या आपल्याच असतात, हे लिहायला मला लाज वाटते). लाल त्रिकोण मागे लांब ठेवा. समोर कोणत्या खुणा लागल्या त्याचा फोनवर फोटो काढा. कारण गाडी पुन्हा सुरू झाली की कधी कधी खुणा जातात आणि वर्कशॉपवाला "काही दिसत नाही" म्हणतो. संगणकात नोंद राहते, ती काढून दाखवायला सांगा.

आणि दोर? तात्या, चिरंजीव बरोबर होते. या गाड्यांत चाके मोटारीला कायमची जोडलेली असतात. ओढताना पुढची चाके फिरली की मोटार फिरते, वीज तयार होते आणि आधीच बिघडलेल्या पेटीत घुसते. म्हणून मोटारीची चाके उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रकवर चढवूनच न्यावी, असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. धक्का मारून सुरू करण्याचा तर प्रश्नच नाही. क्लच नाही, धक्का इंजिनपर्यंत पोचतच नाही. नारिंगी रंगाच्या जाड केबलला गावातल्या मेकॅनिकने हात लावू नये. ती लाइटच्या तारेइतकीच जिवावरची आहे.

थोडी निगाही सांगतो. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी बऱ्याच गाड्यांत आत, सीटच्या जवळ असते. हंगामात आपल्या रस्त्यांवर धूळ आणि पाचटाचा भुगा एवढा असतो, की ती तुंबायला वेळ लागत नाही. जाळीवर पोते, सतरंजी ठेवू नका. इन्व्हर्टरच्या थंड पाण्याची टाकी रेडिएटरपेक्षा निराळी असते, तीही पाहायला सांगा. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरणार नाही हे पाहा, इथेनॉलच्या पेट्रोलात पाणी मिसळले की ते तळाशी वेगळे बसते आणि इंजिन अडखळते.

चिरंजीवांच्या गाडीत इन्व्हर्टर थंड करणारा पंपच बंद निघाला. घाटाच्या चढाला पेटी तापली आणि संगणकाने ट्रिप केले. दोर बांधून ओढली असती तर पंपाच्या खर्चावर सुटका झाली नसती. हमीत पंप बदलून मिळाला, आठव्या दिवशी गाडी घरी आली. तक्रार मात्र त्यांनी अजून नोंदवलेली नाही, असे तात्यांनी परवा सांगितले. त्यांना पुन्हा आठवण केली आहे.

ज्या सभासदांकडे हायब्रीड गाडी आहे त्यांनी चासी नंबर कंपनीकडे किंवा डीलरकडे देऊन आपल्या गाडीला काही बोलावणे बाकी आहे का, हे एकदा विचारून घ्यावे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी आर. सी. बुकाची नक्कल घेऊन कामाच्या दिवशी दुपारी ३ ते ५ या वेळात इंजिनिअरिंग खात्यात यावे. जुनी गाडी दुसऱ्याच्या हातून घेतलेली असेल तर नक्की यावे, कारण बोलावण्याचे पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले असते.