अनुदान अडीच हजारांचे, अडसर उत्पन्नाच्या दाखल्याचा

हातात चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र आहे, घरात कमावणारे एकच माणूस आहे, तरीही अर्ज नामंजूर होतो. तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत अशी प्रकरणे नवी नाहीत. अपंगत्व सिद्ध झाले की अनुदान मिळतेच, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात अपंगत्वाचा दाखला ही केवळ पहिली पायरी होय. बहुतेक अर्ज अडतात ते दुसऱ्या पायरीवर, म्हणजे कुटुंबाच्या उत्पन्नावर.

महाराष्ट्रात १९८० पासून सुरू असलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना हा या मदतीचा मुख्य आधार आहे. पासष्ट वर्षांखालील, राज्यात किमान पंधरा वर्षे वास्तव्य असलेल्या आणि किमान चाळीस टक्के अपंगत्व असलेल्या व्यक्तीला तीत अर्ज करता येतो. २०२३ मध्ये मासिक अनुदान दीड हजार रुपये झाले आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते अडीच हजार रुपये करण्यात आले. वर्षाचे तीस हजार रुपये ही औषधपाणी, रिक्षाभाडे आणि सोबतीला घरी थांबणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी यांचा विचार करता मोठी रक्कम नव्हे. पण अनेक घरांत महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारा तेवढाच पैसा असतो.

इतर निराधारांसाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे. दिव्यांगांसाठी ती ५० हजार करण्यात आली. सवलत म्हणून हा बदल स्वागतार्हच. परंतु हिशेब मांडला की तिचा तोकडेपणा उघड होतो. वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला सुमारे ४,१६६ रुपये. मुंबई-पुण्यात सोसायटीच्या दारावर बारा तास उभा राहणारा रखवालदारही याहून अधिक कमावतो. म्हणजे घरात एखाद्याला पूर्णवेळ काम मिळाले, की अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या भावाचे अनुदान धोक्यात येते. अर्ज व्यक्तीचा असला, तरी मोजले जाते ते कुटुंबाचे उत्पन्न. २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली, हे लक्षात घेतले तर दिव्यांगांच्या मर्यादेचा फेरविचार का होऊ नये, हा प्रश्न उरतोच. अन्य शासकीय योजनेतून दीड हजार वा अधिक रक्कम घेणाऱ्या महिलेला लाडकी बहीण योजनेचा लाभ मिळत नाही, हेही अर्ज करण्यापूर्वी पाहून घेतलेले बरे.

शिधापत्रिकेबाबतही गैरसमज आहे. केशरी कार्ड एक लाखापर्यंतच्या उत्पन्नाला मिळते; त्यामुळे ते दाखवून ५० हजारांखालील उत्पन्न सिद्ध होत नाही. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाच लागतो. तो सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून मागता येतो. घरकाम, फेरी, रोजंदारी यांची पावती नसते. अशा वेळी स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्याची चौकशी यांवरच दाखला ठरतो. चौकशीला आलेल्या माणसाला कामाचे दिवस, मजुरी आणि कामाविना जाणारे महिने नेमके सांगितले, तर आकडा वास्तवाच्या जवळ राहतो. ‘महिन्याला दहा हजार मिळतात’ असे सहज सांगून मोकळे झालेल्यांची गाडी पुढे अडते, मग त्यांना काम वर्षातून सहाच महिने का मिळत असेना. अर्थात उत्पन्न दडवणे हा यावरचा उपाय नव्हे. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतल्यास २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे.

‘केंद्राचे वेगळे मिळतात ना?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. २००९ मध्ये सुरू झालेली इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना अठरा वर्षांवरील, ऐंशी टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या आणि दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेल्या व्यक्तींसाठी आहे. तीत केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये. मात्र ही रक्कम राज्याच्या अनुदानावर चढत नाही, तर त्यात मिसळते. अनुदान दीड हजार असताना केंद्राचे ३०० आणि राज्याचे १,२०० असाच मेळ होता. दोन अर्ज केले म्हणून दोन निवृत्तिवेतने मिळत नाहीत.

खरी अतिरिक्त मदत अन्यत्र शोधावी लागते. महापालिका आणि नगरपालिकांना आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. त्यातून कोठे अर्थसाहाय्य, कोठे साधने, तर कोठे स्वयंरोजगारासाठी मदत दिली जाते. या योजना शहरागणिक बदलतात, म्हणून चौकशी आपल्याच पालिकेत करावी. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असल्यास राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. याच गटातील प्रौढांच्या बँक व्यवहारासाठी पालकत्वाचा आदेश लागल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून मिळतो.

अर्जासोबत वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड, वयाचा, रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँकेचे पासबुक जोडावे. पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. त्यामुळे आधार, पासबुक आणि यूडीआयडी कार्डावरील नावातील काना-मात्रेचा फरक अर्जाआधीच दुरुस्त करणे इष्ट. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी आणि नामंजुरीचे कारण लेखी मागावे. तोंडी उत्तरावर माघारी फिरणाऱ्यांच्या हाती पुढे दाद मागण्यासाठी काहीच राहत नाही. लेखी कारण असेल, तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

मंजुरीनंतर दरवर्षी हयातीची पडताळणी असते. ती चुकल्यास अनुदान थांबते. वयाची पासष्टी ओलांडली, की प्रकरण श्रावणबाळ योजनेत जाते. अडीच हजारांचा वाढीव दर तेथील दिव्यांगांनाही लागू आहे, मात्र अपंगत्वाची नोंद नव्या प्रकरणात झाली आहे ना, हे कार्यालयात जाऊन पाहून घ्यावे लागते.