तारण श्रद्धेने, मग सत्कर्म कशासाठी?

मनुष्याला तारते काय, त्याची श्रद्धा की त्याचे आचरण, हा प्रश्न कोणत्याही एका धर्माची मिरासदारी नाही. जालना जिल्ह्याच्या भूमीला तर तो मुळीच नवखा नाही. याच जिल्ह्यातील जांब गावी १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. उपासनेला प्रयत्नाची जोड नसेल तर ती उपासना लंगडी पडते, हे त्यांनी जन्मभर बजावले. जिल्ह्याची सीमा ओलांडून बुलढाण्यात शिरावे, तो मेहुणाराजा हे चोखोबांचे जन्मगाव म्हणून दाखविले जाते. चोखोबांची भक्ती विठ्ठलाने स्वीकारली याविषयी वारकऱ्यांना तिळमात्र संशय नाही. समाजाने मात्र त्यांना पायरीशीच थांबविले. देवाच्या दरबारी ज्याचा स्वीकार झाला, त्याला माणसांच्या पंगतीत पान मिळाले नाही. एकोणिसाव्या शतकात हीच विसंगती याच परिसरात ख्रिस्ती परिभाषेत पुन्हा उभी राहिली. तिचे नाव बेथेल.

दोन भाऊ, एक खटला

१८४३ हे वर्ष या कथेत दोनदा येते. त्या वर्षीच्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून ‘फ्री चर्च’ जन्माला आले. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा तरुण पुढे त्याच फ्री चर्चचा पाळक झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा बारा वर्षांच्या आसपासचा मुलगा. तोही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला.

खरा वाद त्यानंतर पेटला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्याच्या मनात कोणती श्रद्धा रुजली होती, याची चौकशीही कोणी केली नाही. आक्षेप एवढाच की तो ख्रिस्त्यांच्या घरी राहिला आणि त्यांच्या हातचे जेवला. अशाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, असा आग्रह बाळशास्त्री जांभेकरांनी धरला. सनातनी मंडळींनी त्यांच्यावर गहजब केला. म्हणजे एका भावाचे काय झाले ते श्रद्धेने ठरले, दुसऱ्याचे काय व्हावे ते अन्नाने. प्रश्न मोक्षाचा नव्हता, पंगतीचा होता. या विषयाचे मर्मही पंगतीतच दडलेले आहे, हे पुढे दिसून येईल.

नीतिमान ‘होणे’ आणि ‘ठरणे’

मराठी बायबलमध्ये ‘नीतिमान ठरणे’ असा एक शब्दप्रयोग वारंवार भेटतो. त्यातील ‘ठरणे’ हे क्रियापद मोठे अर्थगर्भ आहे. ते न्यायालयातील आहे. आरोपी निर्दोष ‘ठरतो’. पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा आशय असा की, नियमशास्त्राच्या कसोटीला कोणीही मनुष्य पुरा उतरत नाही. म्हणून तो स्वतःच्या पुण्याईवर नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासाने, देवाच्या कृपेने नीतिमान ठरविला जातो. मार्टिन ल्यूथरने सोळाव्या शतकात हा विचार धर्मसुधारणेचा कणा बनविला आणि ‘विश्वास’ या शब्दाच्या पुढे ‘केवळ’ हा शब्द जोडून भाषांतर केले. याकोबाचे पत्र नेमके उलट बोलते असे वाटल्याने त्याने १५२२ मध्ये त्या पत्राची संभावना गवतकाडीत केली. कारण याकोबाच्या मते कृतीवाचूनचा विश्वास हा निर्जीव आहे.

रोमन कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत आपली बाजू मांडली. तारणाचा आरंभ कृपेनेच होतो, मनुष्याच्या पूर्वपुण्याईने नव्हे, हे तिने मान्य केले. परंतु श्रद्धा एकटी पुरेशी नाही. आशा आणि प्रीती यांच्या जोडीने मनुष्य आतूनही पालटला पाहिजे, असे तिचे म्हणणे पडले. या भेदापायी युरोपात पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ल्यूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी जर्मनीत ऑग्सबर्ग येथे एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. स्वीकार होतो तो कृपेने, आणि त्या स्वीकारातूनच सत्कर्माचे बळ येते, यावर दोघांचे एकमत झाले. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड परंपरेच्या मंडळ्याही त्यात सामील झाल्या.

मग नियमशास्त्राचे काय? नारायण शेषाद्री ज्या स्कॉटिश परंपरेत घडले, तिचा आधार १६४६ मध्ये तयार झालेला वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा. त्यात जुन्या करारातील नियमांची तीन गटांत विभागणी केलेली आहे. यज्ञ, शुद्धाशुद्ध, खाणेपिणे यांचे विधिनियम ख्रिस्तानंतर संपले. प्राचीन इस्राएलचे राजकीय कायदे त्या राज्याबरोबर गेले. नैतिक नियम, म्हणजे दहा आज्ञा, मात्र सर्वांना बंधनकारक राहिला. विश्वासाने नीतिमान ठरलेल्यालाही. तो नियम त्याला तारीत नाही, परंतु तारलेल्याने कसे जगावे हे सांगतो. ‘श्रद्धा ठेवली, आता पाप करण्यास मोकळे’ हा निष्कर्ष निघू शकतो, हे पौलाच्याही ध्यानात होते. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने स्वतःच तो आक्षेप उपस्थित करून धिक्कारला आहे.

दोन पत्रे, एक पंगत

पौल आणि याकोब यांचा विरोध शाब्दिक पातळीवर खरा आहे. दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात आणि त्यातून वेगवेगळे तात्पर्य काढतात. परंतु दोघांनी ही पत्रे कोणत्या प्रसंगाला धरून लिहिली, हे पाहिले की चित्र पालटते.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल अंत्युखिया येथील एक भांडण सांगतो. पेत्र हा परजातीय ख्रिस्त्यांबरोबर एकत्र जेवत असे. यरुशलेमहून काही यहुदी मंडळी आली, तेव्हा लोकलज्जेने तो त्या पंगतीतून उठला. पौलाने सर्वांसमक्ष त्याची कानउघाडणी केली. विश्वासाने नीतिमान ठरण्याचा सिद्धांत त्या पत्रात येतो तो या भांडणाच्या पाठोपाठ. ज्या ‘कर्मां’वर पौल तुटून पडतो, ती मुख्यतः सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, सणवार यांसारखी, माणसामाणसांत भिंत घालणारी कर्मे होत. पुढे रोमकरांस लिहिताना त्याने हा विचार अधिक व्यापक केला, हे खरे. पण त्याचे मूळ भोजनाच्या पाटावर आहे. देवाने ज्याला स्वीकारले, त्याच्याबरोबर जेवावयास तू कचरतोस काय, असा त्याचा रोख आहे.

आता याकोबाकडे वळावे. त्याच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा आरंभ सभेतील बैठकीने होतो. सोन्याची अंगठी घातलेला श्रीमंत आला की त्याला मानाची जागा, मळक्या वस्त्रांतील गरीब आला की त्याला उभे राहा किंवा पायाशी बस असे सांगणे. हा पक्षपात तो झोडपून काढतो. कृतीविना विश्वास मृत आहे, हे प्रतिपादन या दृश्यानंतर येते. म्हणजे एकाने कर्मठपणावर आसूड ओढला, दुसऱ्याने कोरड्या श्रद्धेवर. पण दोघांच्याही डोळ्यांसमोर पंक्तिभेदच होता. महाराष्ट्रातील वाचकाला हे युरोपातील पंडितांपेक्षा लवकर उमगावे. रोटीव्यवहार म्हणजे काय, हे आपणांस कोशात पाहावे लागत नाही.

बेथेल: उत्तर आणि त्याची मर्यादा

नारायण शेषाद्री १८६० नंतरच्या दशकात निजामाच्या मुलुखातील जालन्यास आले. तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्यांच्या हाकेला ओ दिली ती प्रामुख्याने मांग आणि महार कुटुंबांनी. गावगाड्यात त्यांची वस्ती वेशीबाहेर. पाणवठा वेगळा, शाळेचे दार बंद. शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जालन्याजवळ जमीन मिळविली आणि तेथे नव्या ख्रिस्ती कुटुंबांचे गाव वसविले. याकोब या कुलपतीने ज्या जागी स्वर्गाला टेकलेल्या शिडीचे स्वप्न पाहिले, त्या जागेचे ‘बेथेल’, म्हणजे देवाचे घर, हे नाव त्यांनी त्या गावाला दिले. १८७३ मध्ये न्यू यॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत डोक्याला पागोटे बांधलेला हा हिंदी पाळक आपल्या कार्याविषयी बोलला.

तारण केवळ श्रद्धेने होते असे मानणाऱ्या माणसाने जमीन, घरे, शाळा यांचा खटाटोप कशाला करावा? टीकाकारांचे उत्तर तयारच होते: पोटासाठी धर्म बदलणाऱ्यांना दाखविलेले हे आमिष. या आरोपाला सरसकट खोटे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उपाशी माणसाच्या निर्णयात भुकेचा वाटा असतोच. परंतु ज्याला पिढ्यान्‌पिढ्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही, त्याने पाणी देणाऱ्याचा देव जवळ केला, तर दोष तहानेचा म्हणावा की विहिरीवर पहारा करणाऱ्याचा? शिवाय सिद्धांताच्या दृष्टीनेही शेषाद्रींचे वागणे सुसंगत होते. पुण्यसंचयासाठी दान करणारा आपल्या खात्याकडे पाहतो. आपला स्वीकार आधीच झाला आहे असे मानणारा समोरच्या माणसाकडे पाहू शकतो. ज्याचा धाकटा भाऊ परक्याच्या घरी जेवल्यामुळे वादाचा विषय झाला, तो ब्राह्मण मांगांमध्ये राहावयास आला, यापेक्षा गलतीकरांस पत्राचे दुसरे भाष्य कोणते हवे?

तरीही एक मर्यादा नोंदविली पाहिजे. बेथेलने पंगत जमविली ती वेगळे गाव वसवून. वेशीबाहेरच्यांना नवी वेस मिळाली; जुनी वेस जागच्या जागी राहिली. ही उणीव एकट्या शेषाद्रींची नाही. ती त्या काळातील बहुतेक सुधारणांची आहे.

सत्कर्म श्रद्धेनंतरच येते, हा क्रमही आयुष्यात नेहमी जुळत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये शारदा सदन काढले. पण आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त पुढे काही वर्षांनी भेटला, असे त्यांनीच नंतर लिहून ठेवले. म्हणजे सेवा आधी, श्रद्धेची पूर्ण प्रतीती मागाहून. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना त्यांनी आणले आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. धर्मशास्त्रज्ञांच्या सूत्रापेक्षा माणसाचे जीवन अधिक गुंतागुंतीचे असते, ते असे.

श्रद्धेचे माप कोणाच्या हाती?

हा सारा विषय जुन्या पोथ्यांतला वाटत असेल, तर आजच्या कायद्याकडे पाहावे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये तो शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला; ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे पुदुच्चेरीचे एक प्रकरण आले. अप्पर डिव्हिजन क्लार्कच्या जागेसाठी एका महिलेने अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. तिचा बाप्तिस्मा झालेला आहे, ती नियमितपणे चर्चमध्ये जाते, हे पाहून न्यायालयाने हिंदू असल्याचा तिचा दावा अमान्य केला. अंतःकरण कायद्याला दिसत नाही, म्हणून त्याने आचरण पाहिले. नकळत का होईना, न्यायालयाने याकोबाची कसोटी वापरली.

न्यायालयाचा नाइलाज समजण्याजोगा आहे. अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी. आपल्या समाजात श्रद्धेचा पुरावा मागितला जातो तो नेहमी गरिबाकडे. सुस्थित मनुष्य लाभाच्या आशेने नवस बोलतो, देणगीची पाटी लावून घेतो, त्याच्या हेतूची झडती कोणी घेत नाही. आणि चर्चने तरी काय केले? अस्पृश्यता चर्चमध्येही पाळली जाते, याची कबुली भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ च्या आपल्या धोरणपत्रात दिली. दक्षिणेत काही ठिकाणी दलित ख्रिस्त्यांची दफनभूमीदेखील वेगळी राहिली. एकाच प्रभूच्या मेजावरून घेतलेली भाकर जर मेल्यानंतरही माणसांना एकत्र आणीत नसेल, तर पौलाचा विश्वास आणि याकोबाची कृती, दोन्हीही तेथे हरली असे म्हणावे लागेल.

ख्रिस्ती असो वा नसो, सामान्य मनुष्य पुण्याचा जमाखर्च मांडतच असतो. आठवडाभर टेबलाखालून घ्यावे आणि गुरुवारी देवाच्या पेटीत टाकावे, ही हिशेबाची रीत आपल्या कचेऱ्यांना अपरिचित नाही. पौल या हिशेबाची वहीच फाडून टाकतो: देव लाच घेत नाही. याकोब दुसरी पळवाट बंद करतो: मनात श्रद्धा आहे, एवढे म्हणून सुटका नाही. दोघांचे एकत्र ऐकावयाचे तर प्रश्न साधा होतो. तुमच्या पंगतीत कोण बसतो, आणि कोण अजून उभा आहे?